अंगठ्याची जागा

मी दारव्ह्यात राहते आणि लग्नाचे फोटो काढते. तालुक्यात हे काम करणाऱ्या बायका आजही फार नाहीत. मी सुरुवात केली तेव्हा तर एकटीच होते. म्हणूनच असेल, यवतमाळच्या ज्या दुकानातून मी कॅमेऱ्याचं सामान घेते, त्या दुकानदारानं माझा नंबर पुण्याच्या एका मुलीला दिला.

"ताई, आम्ही एका कॅमेरा कंपनीसाठी नवीन कॅमेऱ्याचं डिझाइन करतोय," ती फोनवर म्हणाली. "लग्नात काम करणाऱ्यांचे हात कसे चालतात, ते मला बघायचंय. आठ दिवस तुमच्याबरोबर फिरले तर चालेल का?"

इतक्या वर्षांत फोटो कसे आले हे सगळ्यांनी विचारलं होतं. हाताचं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ये, आणि लॉजवर कशाला राहतेस, घरीच राहा.

भर एप्रिलात आली ती. पंचविशीतली, बारीकशी, पाठीवर तिच्याएवढीच बॅग. सासूबाईंनी कूलरपुढची स्वतःची खाट तिला दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला पोट्टी म्हणायला सुरुवात केली. पोट्टी जेवली का, पोट्टीले ऊन लागलं असंल, पोट्टी कोठी गेली. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. तो फारसा बोलत नाही, पण तिच्यासाठी रोज येताना बर्फ घेऊन यायचा.

पहिलं लग्न आमच्याच नात्यातलं होतं. आमच्याकडे नवरी पांढऱ्या साडीत असते. मांडवाचं कापडही पांढरं, आणि एका बाजूनं दुपारचं ऊन आत आलेलं. अशा ठिकाणी दर दोन पावलांवर उजेड बदलतो, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरची चकती अंगठ्यानं सारखी फिरवावी लागते, नाहीतर साडीचा नुसता पांढरा डाग उमटतो. ती पोरगी कोपऱ्यात उभी राहून नवरीकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती. जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, "ताई, तुमचा अंगठा चकतीपर्यंत पोचतच नाही. प्रत्येक वेळी तुम्ही सगळा भार डाव्या हातावर घेता, उजवा हात सरकवता, चकती फिरवता, मग परत धरता. तुम्हाला माहितीये हे?"

मला माहीत नव्हतं. अंगठ्याच्या मुळाशी रोज ठणकायचं, त्याला मी वयाचं कारण देत होते.

पुढच्या दिवसांत तिनं आणखी बरंच काही टिपलं. हळदीला बोटं तेलकट झाली की गुळगुळीत बटण सापडत नाही. बांगड्या कॅमेऱ्याच्या कडेला आपटतात, म्हणून मी मनगट विचित्र वळवून धरते. पट्ट्याच्या कडीत पदराचा धागा अडकतो. हे सगळं तिनं वहीत लिहिलं, माझ्या हाताची चित्रं काढली, बोटांची लांबी सुतानं मोजली. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. आजारी माणसाला पहिल्यांदाच नीट तपासणारा डॉक्टर भेटावा, तसं.

तिनं बॅगेतून कॅमेऱ्याच्या आकाराचे लाकडी ठोकळे आणले होते, आणि निळी, मऊ माती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्ही ती ठोकळ्यावर थापायचो.

"सवय आहे तसं धरू नका," ती सांगायची. "जसं बरं वाटेल तसं धरा."

मी धरायची. माती दबायची. मग जिथं दबली तिथं ती कोरायची, जिथं मोकळं राहिलं तिथं भर घालायची. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय करून राह्यल्या वं दोघी? पोळ्याचे बैल बनवून राह्यल्या का?"

तीन ठोकळे फसले. चौथ्याला पुढून एक उंचवटा आला, खाली रुंद आणि वर निमुळता, माझी तीन बोटं त्यावर अशी बसली की मूठ आवळावीच लागेना. मागच्या बाजूला अंगठ्यासाठी एक उथळ खळगा, आणि चकतीची जागा बरोब्बर त्याच्या टोकाशी. तिनं आत वजनं भरली, मला डोळे मिटायला लावले आणि तो हातात दिला. मी तो एका हातानं कितीतरी वेळ धरून उभी होते. ठणकलं नाही.

"हाच," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी लग्न नव्हतं. दुपारची वेळ, सासूबाई झोपलेल्या, मी सुपात गहू घेऊन निवडत बसले होते. ती समोर भिंतीला टेकून बसली होती. तिची वही आतल्या खोलीत बॅगेत होती. हे मला पक्कं आठवतं, कारण नंतर मी ते कितीतरी वेळा आठवून पाहिलं.

"ताई, एक विचारू? तुमचा पहिला कॅमेरा हाताला छान होता म्हणता. हलका, पकड चांगली. मग हा एवढा जड का घेतलात?"

हे तिनं आधीही दोनदा विचारलं होतं आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती. त्या दिवशी खरं सांगितलं.

पहिला कॅमेरा छोटा होता, सगळा प्लॅस्टिकचा. हातात मात्र असा बसायचा की दिवसभर काम करून मी घरी येऊन पोळ्या लाटायची. एका लग्नात वरमालेच्या वेळी मी स्टेजसमोर पोचले, तर नवरदेवाच्या मामांनी मला हातानं मागं सारलं. "ओ बाई, मोबाईलवाले मागं सरका, फोटोग्राफरले येऊ द्या." मी म्हटलं, मीच फोटोग्राफर आहे. त्यांनी माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हसले. सगळेच हसले. व्हिडिओवाल्याला पुढं घेतलं, त्याचं यंत्र मोठं होतं. मी मागं राहिले. त्या नवरीच्या अल्बममध्ये वरमालेचा फोटो नाही. तिची आई अल्बम न्यायला आली तेव्हा तो शोधत सगळी पानं तिनं दोनदा उलटली.

त्यानंतर महिन्याभरात मी नवऱ्याला सांगितलं की कॅमेरा बिघडला, दुरुस्त होत नाही म्हणतात. तो बिघडला नव्हता. मी तो साड्यांच्या खाली पेटीत ठेवला. नवरा त्या वर्षी मोटरसायकल घेणार होता. ते त्यानं न बोलता पुढं ढकललं आणि जिनिंगला सायकलनं जात राहिला. मी हा काळा, मोठा, लोखंडासारखा कॅमेरा आणला. माझ्या हाताच्या मानानं अवाढव्य. पण तो गळ्यात असला की लोक वाट देतात.

"दुखते," मी तिला म्हटलं, "पण दिसते तरी."

माझ्या मांडीवरचं सूप तिनं बाजूला ठेवलं आणि माझा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

"कोणाले सांगू नको वं," मी म्हटलं. "घरी यायलेही माहीत नाही."

"नाही सांगणार, ताई."

आठव्या दिवशी ती गेली. सासूबाईंनी तिला तुरीची डाळ आणि घरची मिरची बांधून दिली. मातीचा ठोकळा तिनं स्वतःच्या ओढणीत गुंडाळून बॅगेत ठेवला. बसच्या खिडकीतून तिनं तो पुन्हा एकदा वर करून मला दाखवला.

पुढं काही महिने तिचे मेसेज येत राहिले. पांढऱ्या प्लॅस्टिकमधल्या नमुन्याचा फोटो यायचा, आणि खाली: ताई, उंचवटा थोडा कमी केलाय, चालेल ना? मी लिहायची, चालेल, फक्त अंगठा बसला पाहिजे. मग ते मेसेज विरळ झाले. मग नुसते सणावाराचे आले. मग तेही नाही. मी समजून घेतलं, कामात असेल. पण इकडे मी भेटेल त्याला सांगत होते की माझ्या हाताच्या मापाचा कॅमेरा येणार आहे. लग्नांतले व्हिडिओवाले थट्टेनं विचारायचे, "ताई, तुमचा कॅमेरा कुठवर आला?"

म्हणूनच दुकानदारानं फोनवर तेच शब्द वापरले. "ताई, तुमचा कॅमेरा आला."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं यवतमाळला गेले. तो काचेच्या कपाटात ठेवला होता. एवढं सुंदर यंत्र मी आजवर पाहिलं नव्हतं. काळं, दाणेदार कातड्यासारखं अंग, चांदीची बारीक कड, डोक्यावर पितळी रंगाच्या तीन चकत्या, अगदी जुन्या काळच्या कॅमेऱ्यासारखा. मी मान्य करते, माझा जीव त्याच्यावर जडला. मग दुकानदारानं तो काढून माझ्या हातात दिला.

समोरून तो सपाट होता. साबणाची नवी वडी धरावी तसा. बोटांना धरायला काही नाही, म्हणून मी आवळून धरला, आणि आवळल्याबरोबर अंगठ्याच्या मुळाशी तीच जुनी कळ आली. मागं खळगा नव्हता. जिथं अंगठा टेकायचा तिथं एक करकरीत दात्यांची चकती होती. मी तो उलटून पाहिला, सुलटा करून पाहिला. वेड्यासारखं वाटत होतं की कुठंतरी काहीतरी दाबलं की तो उंचवटा बाहेर येईल.

"पकड वेगळी मिळते ताई," दुकानदार म्हणाला. "खालून स्क्रूनं लावायची. आपल्याकडे अजून आली नाही." माझा चेहरा पाहून त्यानं घाईनं विषय बदलला. "कंपनीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आला आहे. त्यात ती पुण्याची मुलगी बोलली आहे, तुमचंही काही आहे म्हणतात. पाठवू का?"

परतीच्या एसटीत मी स्वतःची समजूत घालत होते. कंपनी मोठी, तिथं या पोरीचं कोण ऐकणार? पण निदान स्टेजवर तिनं आपली बाजू मांडली असेल. म्हणूनच तो व्हिडिओ मी एकटीनं पाहिला नाही. नवरा कामावरून आला, चहा झाला, आणि मी सासूबाईंना मध्ये बसवून मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

ती काळा कुर्ता घालून स्टेजवर उभी होती. केस कापले होते. मागच्या मोठ्या पडद्यावर माझा हात होता, हिरव्या बांगड्या आणि हळदीनं पिवळी झालेली बोटं.

"पोट्टी बारीक झाली," सासूबाई म्हणाल्या.

ती हिंदीत बोलत होती, मध्ये मध्ये इंग्रजी. म्हणाली, विदर्भातल्या एका छोट्या गावात मी एका ताईंच्या घरी राहिले. त्यांच्याकडे असा कॅमेरा होता जो त्यांच्या हातात अगदी छान बसायचा. त्यांनी तो पेटीत टाकला. नवऱ्याला सांगितलं की बिघडला. आणि हाताला दुखणारा कॅमेरा घेतला. का? कारण तो दिसायला कॅमेरा वाटत होता. इथं ती थोडी थांबली. मग म्हणाली, त्या दिवशी मला कळलं की आपण फक्त हातासाठी डिझाइन करत नाही, बघणाऱ्यांच्या नजरेसाठीही करतो. ताई मला म्हणाल्या, दुखतं, पण दिसतं तरी.

पडद्यावर ते माझं वाक्य मोठ्या अक्षरांत उमटलं. लोक टाळ्या वाजवत होते.

मी मोबाईल उचलून बंद केला. सासूबाईंना हिंदी नीट कळत नाही, त्या म्हणाल्या, "कायले बंद केलं? पाहू दे न." नवऱ्यानं चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"बिघडला नव्हता?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्यानं अंगणाकडे पाहिलं. "मले सांगतलं असतं तं."

"सांगतलं असतं तं तुम्ही हो म्हणले असते?"

त्यानं खरोखर विचार केला. तो तसाच आहे. "नसतो म्हणलो," तो म्हणाला आणि उठून हातपाय धुवायला गेला. नंतर त्यानं हा विषय कधी काढला नाही. पण पुढचे काही आठवडे तो माझ्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलत होता. तेवढ्या काळात मला मोटरसायकलचा आवाज आला तरी कसंतरी व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला. तिनं लगेच उचलला. आवाज आनंदाचा होता.

"ताई! कॅमेरा बघितलात?"

"पाह्यलं."

"कसा वाटला?"

"उंचवटा कोठी गेला?"

ती भराभर बोलायला लागली. शेवटपर्यंत दोन नमुने होते, एक सपाट आणि एक तुमच्या हातचा. बाजूनं पाहिलं की तुमच्या नमुन्याला पोट आल्यासारखं दिसतं, असं सगळ्यांचं म्हणणं. लोक कपाटात बघून ठरवतात, ताई, हातात नंतर घेतात.

"मंग माही गोष्ट कायले सांगतली?"

"सपाट नमुन्याच्या बाजूनं कोणाकडे नीट कारणच नव्हतं. नुसतं छान दिसतं, एवढंच. आणि तुमची गोष्ट..." ती मध्येच थांबली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "तू कोणच्या बाजूनं बोलली, बाई?"

ती हळू आवाजात म्हणाली, "मलाच मांडायला सांगितलं होतं. मी दोन्ही बाजू मांडल्या असत्या तर निर्णय झालाच नसता. आणि ताई, ते खरं होतं ना? तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणली होती. तू सांगणार नाही म्हणली होती."

"मी तुमचं नाव नाही घेतलं."

"नाव नाही घेतलं, हात दाखवला. माह्या घरी माहा हात ओळखू येते."

ती रडायला लागली. एरवी मी कोणाला रडू देत नाही. त्या दिवशी फोन ठेवून दिला.

मला राग नेमका कशाचा आला, हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. कॅमेरा सपाट निघाला याचा नाही. मोठ्या लोकांनी लहानांचं ऐकलं नाही, यात काही नवल नाही. गोष्ट घरात उघडी पडली, त्याचा होता, पण सगळा त्याचाही नाही. मला लागलं ते वेगळंच. आठ दिवस तिनं माझी जी जी दुखणी लिहून घेतली, ती कुठंच कामाला आली नाहीत. आणि वही बंद असताना, मैत्रीण समजून जी एक लाज मी तिच्यापुढं ठेवली, तीच तेवढी तिच्या कामाला आली. माझ्या हाताच्या विरोधात माझीच साक्ष तिनं काढली.

तीन-चार आठवड्यांनी कुरिअरनं खोकं आलं. आत तो कॅमेरा, आणि चिठ्ठीत दोनच शब्द: सॉरी ताई. नवरा म्हणाला, "वापर न आता. घरात आलाच आहे तं."

मी तो एका लग्नाला नेला. जवळच्याच गावात होतं, नवरदेवाकडची मंडळी दिग्रसची. आणि काय झालं तेही लिहिलंच पाहिजे. मांडवात शिरले तशा पोरी भोवती जमल्या, हात लावू का विचारायला लागल्या. व्हिडिओवाला म्हणाला, काय चीज आहे ताई. वरमालेला तर नवरदेवाच्या काकांनी स्वतः गर्दी बाजूला केली आणि मोठ्यानं म्हणाले, "ताईले जागा द्या रे, फोटोग्राफर हाये." मला एकदाही कोपर मारावं लागलं नाही. मी स्टेजच्या अगदी समोर उभी राहिले, आणि तिथं उभी असताना मला कळलं की पोरगी खरं बोलली होती. ती खोटी निघाली असती तर मला सोपं गेलं असतं.

मंगलाष्टकं सुरू झाली तोवर अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या. अक्षता पडल्या आणि कॅमेरा हातातून निसटला. गळ्यात पट्टा होता म्हणून तो छातीशी आपटून थांबला. उरलेलं लग्न मी जुन्या, जड कॅमेऱ्यानं काढलं. घरी आल्यावर नवऱ्यानं माझा हात पाहिला, तेल कोमट करून आणलं आणि न विचारता अंगठ्याच्या मुळाशी चोळत बसला. त्या दिवसापासून तो पुन्हा माझ्याशी नेहमीसारखं बोलायला लागला.

सोमवारी मी खोकं घेऊन कुरिअरच्या दुकानात गेले. तिथल्या माणसानं आत काय आहे म्हणून उघडायला लावलं. कॅमेरा पाहून त्याचे डोळे मोठे झाले.

"वापस काहून करून राह्यले ताई? नवाच तं दिसते."

"हातात बसत नाही."

त्यानं तो उचलला, डोळ्याला लावला आणि दुकानाच्या दारातून रस्त्याकडे रोखून पाहिलं. त्याचा पंजा माझ्या दुप्पट होता. "मस्त बसते न," तो म्हणाला.

"बांधा तुम्ही," मी म्हटलं.

त्यानं कॅमेरा फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. मी पुण्याचा पत्ता लिहिला. चिठ्ठी टाकायची का, असं त्यानं विचारलं, तर मी नाही म्हटलं. पावती पर्समध्ये ठेवून बाहेर आले. चार वाजता दिग्रस रोडवर एका हळदीला पोचायचं होतं, आणि बॅटऱ्या अजून चार्ज व्हायच्या होत्या.